आधी मोजा, मग द्या!

बालमित्रांनो, घरातली रद्दी विकताना कधी नीट पाहिलंय का? तुम्ही "काका, पाच किलो भरेल बरं का!" असं कितीही खात्रीनं सांगा, रद्दीवाले काका गठ्ठा काट्यावर ठेवतातच. तुम्ही खोटं बोलता असं त्यांना वाटत नाही. पण पैसे त्यांच्या खिशातून जायचे असतात ना! मग वजनही त्यांनीच करायला हवं.

हाच धडा एकदा जगभरच्या संगणकांना गिरवावा लागला.

मोबाइलवर आपण एखादं पान उघडतो, तेव्हा मोबाइल दूरच्या एका संगणकाकडे विनंती पाठवतो. विनंतीला उत्तर देणाऱ्या त्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. मधल्यामध्ये कुणी ऐकू नये म्हणून त्यांचं बोलणं सांकेतिक भाषेत चालतं. हे काम करणारी एक प्रसिद्ध आज्ञावली म्हणजे 'ओपन-एसएसएल'.

मार्च २०१२ मध्ये तिच्यात एक नवी सोय आली. नाव 'हार्टबीट', म्हणजे हृदयाचा ठोका. 'जागा आहेस ना?' हे विचारायला समोरचा संगणक एक शब्द आणि त्याची लांबी पाठवायचा. सर्व्हरनं तोच शब्द परत द्यायचा. 'पोपट, अक्षरं तीन' असं आलं, की उत्तर 'पोपट'. सोप्पं!

पण कुणी लबाडानं 'पोपट, अक्षरं साठ हजार' असं पाठवलं तर? सर्व्हर आलेला शब्द मोजतच नव्हता! 'पोपट' देऊन झाला, की आकडा पुरा होईपर्यंत आपल्या स्मृतीत पुढे जे असेल ते देत सुटायचा. त्यात कुणाचा पासवर्ड, कुणाचं पत्र, कधी तर सांकेतिक भाषेची किल्लीसुद्धा!

ही चूक ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाली. तिला नाव पडलं 'हार्टब्लीड', म्हणजे रक्त गळणारं हृदय. तोवर दोन वर्षं उलटली होती. कॅनडाच्या कर खात्यातून त्याच सुमारास जवळपास ९०० करदात्यांचे ओळख क्रमांक चोरीला गेले.

आणि उपाय? फक्त काही ओळींचा! सांगितलेली लांबी खऱ्या शब्दापेक्षा जास्त असेल, तर विनंती मुकाट्यानं टाकून द्यायची. गंमत म्हणजे, हा नियम त्या सोयीच्या नियमावलीत आधीपासूनच लिहिलेला होता. आज्ञावलीत तो उतरवायचा राहून गेला.

तुम्ही म्हणाल, मोबाइलवर फॉर्म चुकला की लाल अक्षरं येतात, मग कशाला काळजी? पण ती तपासणी बहुतेक वेळा आपल्याच मोबाइलवर होते. ते पान बाजूला सारून कुणी सर्व्हरला थेट विनंती पाठवू शकतो. म्हणून सर्व्हरनं पुन्हा तपासायलाच हवं.

घरी हा खेळ खेळून बघा. आई-बाबांनी अर्ज भरायचा, मुद्दाम चुका करून. तुम्ही सर्व्हर! जन्मतारीख ३१ फेब्रुवारी? परत! पिनकोड पाच आकडी, किंवा शून्यानं सुरू होणारा? परत! मोबाइल नंबरात नऊच आकडे? परत!

आता एक कोडं. आईनं जन्मतारीख १२ जून लिहिली. तारीख अगदी बरोबर, पण आईची नव्हेच. नुसता अर्ज पाहून हे सर्व्हरला कळेल का? नाही, तर त्यानं आणखी काय मागावं? विचार करा!