पुण्याचा ‘इंडस’ गेम: कल्पना दमदार, मग स्क्वाड का जमत नाही?

वाशिम, रिसोड, कारंजा... कुठल्याही टपरीवर चार पोरं मोबाईल आडवा धरून बसलेली दिसली, तर बहुधा ‘बीजीएमआय’ किंवा ‘फ्री फायर मॅक्स’ सुरू असतो. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ने १६ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘इंडस बॅटल रॉयल’ आणला, तो याच पोरांसाठी.

विरलोक नावाचं काल्पनिक जग, भारतीय वळणाच्या इमारती, ‘सर-ताज’, ‘मोर-नी’ अशी पात्रं. पण हा झाला साज. उतरा, शस्त्रं गोळा करा, गोळ्या झाडा, हा खेळ तोच जुना. वेगळं आहे ते ‘कॉस्मियम’. एरवी बॅटल रॉयलमध्ये शेवटी उरेल तो जिंकतो. इथे अखेरच्या टप्प्यात हे दुर्मीळ खनिज प्रकटतं आणि ते ताब्यात घेऊनही सामना जिंकता येतो. म्हणजे झुडपात दडून बसलेल्याला बाहेर यावंच लागतं. एकाने कॉस्मियम धरायचं, बाकीच्यांनी त्याला राखायचं. टीमने खेळायला यापेक्षा चांगलं कारण कोणतं?

मग अडलं कुठे? वेळेवर. घोषणा २०२२ मध्ये झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘फ्री फायर’वर, जुलैत ‘बीजीएमआय’वर गदा आली, ‘मॅक्स’ तेवढा सुटला. मैदान बरंच मोकळं होतं. इंडस आला तोवर ‘बीजीएमआय’ परतून (मे २०२३) वर्ष उलटलं होतं. पोरांच्या लेव्हल तिथे, स्किन्सवर घातलेले पैसेही तिथेच. एकाने डेटा खर्चून इंडस उतरवला तरी बाकी तिघं जुन्याच लॉबीत.