काकांची भटकंती : चौथा फोटो

मुलांनो, मागच्या खेपेला मी लिहिलं होतं, की आम्ही तिघे मित्र मासे गरवायला अंदमानला निघालोय. त्यावर तुमची पत्रं आली. सगळ्यांचा प्रश्न एकच : "काका, केवढा मासा मिळाला?" तेव्हा आधी तेवढं सांगून टाकतो. लांबी ११० सेंटिमीटर, वजन अंदाजे २५ किलो. म्हणजे तिसरीतलं एखादं धट्टंकट्टं पोरगंच की! अंदाजे का, ते पुढे येईल.

'गरवणं' हा शब्द माझ्या आईचा. ती मालवणकडची. दोरीला गळ बांधून मासे धरणं म्हणजे गरवणं. लहानपणी मामाबरोबर मी खाडीच्या धक्क्यावर बसून पुष्कळ गरवलंय. पण तिथे जे मिळायचं ते संध्याकाळी कालवणात जायचं. अंदमानातला प्रकार वेगळा. तिथे मासा धरायचा, पाहायचा आणि परत सोडून द्यायचा. हा एक खेळ आहे आणि त्याला चक्क नियम आहेत! १९३९ साली अमेरिकेत त्यासाठी एक आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. सगळ्यांत गमतीचा नियम असा, की मासा लागल्यापासून तो हाती येईपर्यंत काठीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लावला की तो मासा विक्रमात धरत नाहीत.

तर आम्ही तिघे म्हणजे डॉक्टर, मास्तर आणि मी. (आम्हांला नावं आहेत, पण तीस वर्षांत ती कुणी वापरलेली नाहीत.) फेब्रुवारी महिना. पोर्ट ब्लेअरला, म्हणजे २०२४ पासूनच्या श्री विजयपुरमला, उतरलो. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचलाच चांगलं उजाडलं होतं! मास्तर घड्याळ कानाला लावून बघायला लागले. पण घड्याळ बिघडलेलं नव्हतं. मुंबईपासून हे ठिकाण पूर्वेला सुमारे वीस रेखांश दूर. एका रेखांशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्यापेक्षा जवळजवळ ऐंशी मिनिटं आधी येतो. घड्याळ मात्र सगळ्या देशाचं एकच. संध्याकाळी त्याचा हिशेब चुकता होतो : साडेपाचनंतर लगेच काळोख!

आमचा तांडेल करेन जमातीचा होता. १९२५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशातून करेन कुटुंबं मध्य अंदमानात आणून वसवली. समुद्र आणि जंगल या दोन्हींत ही माणसं पटाईत. हा तांडेल फार कमी बोलायचा. आम्हां तिघांचं सामान त्याने पाहिलं, मग पक्कड काढली आणि प्रत्येक गळाच्या टोकामागे जो उलटा दात असतो तो दाबून सपाट करून टाकला. मी म्हटलं, "अहो, मग मासा सुटणार नाही का?" तो म्हणाला, "छोडना ही तो है, साब."

आम्ही ज्याच्या मागे होतो त्याचं नाव जायंट ट्रेव्हली. चांदीसारखा रंग, उभट कपाळ आणि चेहऱ्यावर कायम रागावल्यासारखा भाव. प्रवाळाच्या खडकांपाशी हा राजा. २०१७ सालच्या बीबीसीच्या 'ब्लू प्लॅनेट २' या मालिकेत सेशेल्स बेटांजवळ हेच मासे पाण्यातून उसळी मारून समुद्रपक्षी गट्ट करताना दिसतात. बघा कधी, विश्वास बसणार नाही. आजवर नोंदलेला सगळ्यांत मोठा २००६ साली जपानमध्ये मिळाला, ७२.८ किलोचा.

त्याच्यासाठी किडा किंवा कोळंबी लावत नाहीत. वीतभर लांबीचा एक लाकडी मासा असतो, तोंडाशी वाटीसारखा खोलगट. तो दूर फेकायचा आणि काठीला झटके देत ओढायचा. वाटीत पाणी अडून 'भुबुक! भुबुक!' असा आवाज होतो. खालच्याला वाटतं, कुणीतरी घायाळ होऊन तडफडतंय.

ऐकायला सोपं. पण पन्नास वेळा फेकल्यावर खांदे बोलायला लागतात. डॉक्टरांनी शंभर वेळा फेकलं, काही नाही. मास्तरांना बोट लागली. ते कडेला वाकून समुद्राला परत परत नमस्कार करत होते आणि मधूनमधून लिमलेटची गोळी चघळत होते. माझं लक्ष त्यांच्याकडे होतं, तेवढ्यात माझा लाकडी मासा गायब झाला. नुसता खड्डा पडला पाण्यात! घमेल्याएवढा!

पुढची वीस मिनिटं मला नीट आठवत नाहीत. दोरी किंचाळत बाहेर जात होती. तो खाली खडकाकडे पळत होता, कारण खडकावर दोरी घासली की सुटका, हे त्याला ठाऊक असतं. मी काठी पोटाच्या पट्ट्यात रोवून मागे रेलत होतो. हाताला गोळे आले. "डॉक्टर, धर रे जरा!" मी ओरडलो. डॉक्टरने दोन्ही हात मागे बांधले. "नियम!" म्हणाला. असले मित्र.

शेवटी तो वर आला. तांडेलाने ओल्या हातमोज्यांनी शेपूट धरलं, लांबी मोजली आणि मासा माझ्या हातांत दिला. काटा लावून वजन करायचं तर त्याला टांगावं लागतं, त्यात मासा जायबंदी होतो, म्हणून फक्त लांबी. संघटनाही २०११ पासून नुसत्या लांबीचे वेगळे विक्रम नोंदवते.

मास्तरांनी माझा मोबाइल उचलला. पहिल्या फोटोत शेपूट आलं नाही. दुसऱ्यात माझे डोळे मिटलेले. तिसऱ्यात मास्तर स्वतःच डोलत होते, त्यामुळे सगळंच तिरकं. तांडेल म्हणाला, "बस, साब. पानी में दो."

मी म्हटलं, "एकच!"

चौथा नीट आला.

पाण्यात सोडला तर तो उताणा झाला. तांडेलाने चटकन त्याला धरून सरळ केलं. एका हाताने शेपूट, एक हात पोटाखाली. बोट अगदी हळू पुढे घेतली, म्हणजे तोंडातून पाणी आत जाऊन कल्ल्यांवरून वाहावं. डॉक्टर माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला आणि हळू आवाजात सांगायला लागला. शाळेत चारशे मीटर धावल्यावर तुमच्या पायांत कसे गोळे येतात आणि धाप लागते, तसंच त्याचं झालेलं असतं. त्याला तेव्हाच सगळ्यांत जास्त प्राणवायू हवा असतो. पाण्यात रंगाचा ब्रश बुडवला की केस सुटे होतात, बाहेर काढला की सगळे एकमेकांना चिकटतात ना? कल्ल्यांचं तसंच. बाहेर त्यांचा उपयोग नाही. "तू धापा टाकत असताना तोंडावर उशी दाबली तर?" डॉक्टर म्हणाला. मग म्हणाला, "चार फोटो म्हणजे किती वेळ झाला रे?"

मी मोजला नव्हता.

दहा मिनिटं आम्ही आळीपाळीने त्याला धरून होतो. हा मासा वीस वर्षांहून जास्त जगू शकतो. हा केवढ्या वयाचा असेल, कोण जाणे. एकदा त्याने शेपूट हलवलं. तांडेलाने हात सैल केला. तो खाली गेला. पोहत गेला असं मला म्हणायचंय, पण तो थोडा तिरका, एका कुशीवर जात होता. पाणी इतकं स्वच्छ, की बराच वेळ दिसत राहिला. मग दिसेना. तांडेल काही बोलला नाही. त्याने इंजिन चालू केलं.

दुपारी डॉक्टरला एक लागला, माझ्यापेक्षा लहान. त्याने तो पाण्याबाहेर काढलाच नाही. बोटीवरून वाकून गळ सोडवला, आणि माशाने शेपटाने असा फटकारा मारला, की मास्तरांचा चष्मा भिजला. फोटो नाही. मास्तरांनी त्या दिवसात पहिल्यांदा हसून टाळी वाजवली.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. ११० सेंटिमीटर म्हटल्यावर तिने मान वर केली. मग विचारलं, "खावचो नाय, तर गरवलास कित्याक?"

मी तिला खेळाचे नियम सांगितले. मोठ्या खडकाळ माशांच्या अंगात कधीकधी असं विष साठलेलं असतं, की ते शिजवूनही जात नाही, हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. तिच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे तिलाही कळलं आणि मलाही.

संपादकांनी या लेखाबरोबर छापायला फोटो मागितला होता. मी त्यांना मास्तरांचा, लिमलेट चघळतानाचा दिलाय. चौथा फोटो मोबाइलमध्येच आहे. तो मी अजून कुणाला दाखवलेला नाही.