सोडवायचे की सोडायचे?

डोमेनची मुदत संपल्यावर येणारा पहिला फोन सहसा वेबसाइटबद्दल नसतो. तो मेलबद्दल असतो. सिलतऱ्याच्या रोलिंग मिलमधला हिशेबनीस असो की पंडरीच्या कापड बाजारातला घाऊक व्यापारी, रायपुरात ऐकू येते ते एवढेच: “भैया, कल से मेल नहीं आ रहा.” वेबसाइटही त्याच दिवशी बंद पडलेली असते, पण तिकडे कोणी फिरकलेले नसते. आपण पॅनेल उघडतो, सर्व्हर सुरू दिसतो, जागाही शिल्लक असते. मग नावाची नोंद तपासतो आणि उलगडा होतो.

ग्राहकाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. जुने नाव सोडवायला किती लागतील आणि नवे घ्यायला किती? नवे डॉट इन नाव हजाराच्या आत येते. रिडेम्प्शनमध्ये गेलेले डॉट कॉम सोडवायचे तर रजिस्ट्रारप्रमाणे सात-आठ हजार, कधी त्याहून जास्त. वेबसाइट पाच पानांची, फोटो जुने, फोन नंबरही बदललेला. एवढ्यासाठी कोण आठ हजार घालवणार? आपल्यापैकीही बरेच जण मान डोलावतात, कारण नव्या नावाबरोबर नव्या साइटचे कामही मिळते.

हा हिशेब मला मान्य नाही, कारण त्यात किंमत वेबसाइटची धरलेली आहे. पाच पाने उद्या कुठेही चढवता येतील. बॅकअप नसेल तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवरून बरीचशी उतरवूनही घेता येतील. नाव गेले म्हणून मजकूर जात नाही आणि नाव सोडवले म्हणून मजकूर परत येत नाही. म्हणून आधी विचारायचे ते एवढेच, की या नावावर काय काय टांगलेले आहे?

एखाद्या मध्यम कारखान्याची यादी ग्राहकाला समोर बसवून करा. जीएसटी नोंदणीतला मेल, आयकराच्या पोर्टलवरचा मेल, उद्यम नोंदणी, जेम पोर्टल, राज्याच्या ई-निविदांचे खाते, बँकेच्या सूचना, गुगलवरची दुकानाची नोंद, फेसबुक पानाचा ॲडमिन. प्रत्येक ठिकाणी ‘पासवर्ड विसरलात?’ असे बटण असते आणि ते दाबले की पत्र त्याच नावावरच्या पत्त्यावर जाते. नाव दुसऱ्याने घेतले, एमएक्स रेकॉर्ड आपल्या सर्व्हरकडे वळवले आणि कॅच-ऑल लावला, की अकाउंट्स, सेल्स, मालकाचे नाव, कुठल्याही पत्त्यावर आलेले पत्र त्याच्या एका डब्यात पडते. त्याला काहीही फोडावे लागत नाही. काही पोर्टलवर मोबाइलचा ओटीपीही लागतो, त्यामुळे सगळीच दारे उघडत नाहीत. पण नागपूरच्या खरेदीदाराला जुन्याच पत्त्यावरून ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र गेले तर तो शंका कशाला घेईल? पत्ता खराच असतो. एसपीएफ आणि डीकेआयएमच्या तपासण्याही ते पत्र पार करते, कारण नावाचा आजचा मालक तोच आहे.

ही भीती हवेतली नाही. सुरक्षा संशोधक गॅबर सॅथमारी यांनी २०१८ साली ऑस्ट्रेलियात हेच करून दाखवले. विलीन झालेल्या किंवा नाव बदललेल्या वकिली फर्मांनी सोडून दिलेली डोमेन त्यांनी नेहमीच्या दरात घेतली आणि पत्रे आपोआप येऊ लागली. त्यांत अशिलांचे गोपनीय कागद होते. जुन्या पत्त्यांवर उघडलेल्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात, हेही दिसले. जानेवारी २०२५मध्ये डिलन आयरी यांनी बंद पडलेल्या एका स्टार्टअपचे डोमेन विकत घेतले. त्या नावावर गुगलची खाती पुन्हा उघडताच स्लॅक, झूमपासून मनुष्यबळ विभागाच्या प्रणालीपर्यंत जुनी खाती त्यांना खुली झाली. वकिलांच्या जागी रायपुरातले सनदी लेखापाल, पॅथॉलॉजी लॅब किंवा नर्सिंग होम ठेवून पाहा.

तेव्हा माझे मत सरळ आहे. ज्या नावावर कधीही कामकाजाचा मेल चालला असेल, ते नाव मुदतीच्या चौकटीत मिळत असेल तर सोडवावे. साइट मेलेली असली तरी. धंदा नव्या नावावर गेलेला असला तरी. सोडवून झाल्यावर एकेक खाते नव्या पत्त्यावर न्यावे, जुन्या पत्त्यावर येणारी पत्रे दोन-तीन वर्षे पाहावीत आणि ती खरोखर थांबली की मगच नाव सोडण्याचा विचार करावा.

हे करायला वेळ किती असतो, याबद्दल आपल्या धंद्यात बरेच गैरसमज आहेत. डॉट कॉमसारख्या नावांना आयकॅनचे धोरण ऑगस्ट २०१३ पासून लागू आहे. त्यानुसार रजिस्ट्रारने मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी दुसरे आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत तिसरे स्मरणपत्र पाठवायचे. पुढे ४५ दिवसांपर्यंत सवलतीचा काळ, मग ३० दिवस रिडेम्प्शन, शेवटी ५ दिवस पेंडिंग डिलीट. या शेवटच्या पाच दिवसांत मालक, रजिस्ट्रार कोणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव मोकळे. डॉट इनचा क्रमही साधारण असाच आहे.

बेरीज ८० दिवसांची होते आणि तिच्यावर विसंबून नावे जातात. ४५ दिवसांची सवलत रजिस्ट्रीने रजिस्ट्रारला दिलेली आहे, आपल्या ग्राहकाला नव्हे. अनेक मोठे रजिस्ट्रार तीन-चार आठवड्यांतच नाव लिलावाला लावतात, तशी मुभा त्यांच्या करारात लिहिलेली असते. लिलावात गिऱ्हाईक मिळाले की नाव थेट त्याच्याकडे वळते आणि रिडेम्प्शनची पायरी येतच नाही. म्हणून हातात खात्रीचे दिवस २०-२५ धरा. ज्या नावाला चांगले बॅकलिंक आहेत, जे पंधरा वर्षे जुने आहे किंवा ज्यात नुसता एखादा सोपा शब्द आहे, त्याच्यासाठी त्याहूनही घाई करा. मोकळे झाल्यावर नेहमीच्या दरात घेऊ, हा बेत अशा नावांच्या बाबतीत आखूच नये. बॅकऑर्डरवाल्यांची यंत्रे सेकंदाच्या आत ती उचलतात.

नोंद वाचताना एक चकवा नेहमी होतो. मुदत संपताच रजिस्ट्री नाव आपोआप एका वर्षाने पुढे ढकलून ठेवते, त्यामुळे नोंदीत संपण्याची तारीख पुढच्या वर्षाची दिसते. ग्राहक ती दाखवून म्हणतो, “पैसे तर भरलेत.” भरलेले नसतात. तारखेजवळच्या स्थितीच्या ओळीत ऑटो-रिन्यू पिरियड लिहिलेले असते. तिथे रिडेम्प्शन पिरियड आले तर खिशाला चाट बसणार, पण नाव मिळेल. पेंडिंग डिलीट आले तर हात जोडायचे. डॉट कॉमसारख्या नावांसाठी हूइजची सक्ती २८ जानेवारी २०२५ला संपली आणि तिची जागा आरडीएपीने घेतली, पण या स्थिती तिथेही दिसतात. मेल बंद पडणेही अपघाताने होत नाही. ज्या काळात मालकाला अजून नूतनीकरण करता येते त्याचे शेवटचे आठ दिवस नावाचा डीएनएस तोडून ठेवणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे, म्हणजे झोपलेला मालक जागा व्हावा. बहुतेक जण मुदत संपल्यावर काही दिवसांतच तोडतात. तो फोन आला की त्याच दिवशी निर्णय घ्या.

रिडेम्प्शनच्या दराबद्दलही बोलून ठेवतो. डॉट कॉम परत जिवंत करायला व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून ४० डॉलर घेते. त्यावरचा आकडा, वर्षभराचे नूतनीकरण आणि कर सोडले, तर रजिस्ट्रारचा असतो. आपली पन्नास-साठ नावे एकाच ठिकाणी असतील तर तिथे बोलणी होऊ शकतात. ग्राहकाला मात्र हा खर्च लपवून किंवा फुगवून सांगू नका. अडलेल्या माणसाकडून मिळालेला असा पैसा धंद्याला पुरत नाही.

सोडून द्यायची नावेही असतात. एका प्रदर्शनापुरते घेतलेले, कधी न सुरू झालेल्या योजनेचे, चुकीच्या स्पेलिंगचे, ज्यावर मेलचा एकही डबा उघडला गेला नाही असे नाव खुशाल जाऊ द्यावे. मध्ये दुसऱ्याच्या हातून फिरून आलेल्या नावाबद्दल माझा हात आखडता असतो. सट्ट्याच्या साइट्सना सारखी नवी नावे लागतात, कारण जुनी बंद केली जातात. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राने महादेव बुकसह २२ बेटिंग ॲप आणि वेबसाइट बंद केल्या, ते प्रकरण आपल्या शेजारच्या भिलाईतून उभे राहिलेले, म्हणून इथे सांगायला नको. अशांना वय झालेली, शोधात वर येणारी नावे हवी असतात. सहा महिने जुगाराची पाने दाखवलेले नाव परत आणले तर ते स्पॅमच्या काळ्या यादीत सापडते आणि पत्रे पोहोचत नाहीत. मोठी रक्कम मागणाऱ्याशी घासाघीस करण्याआधी यादी आणि जुनी पाने दोन्ही तपासा.

आणि नाव तिसऱ्याने रीतसर घेतले असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, हे मान्य केले. डॉट इनसाठी निक्सीची आयएनडीआरपी ही लवादाची वाट आहे. तिथे नावावर आपला हक्क, समोरच्याला वैध कारण नसणे आणि त्याचा वाईट हेतू हे सगळे दाखवावे लागते. ‘रायपूर’ आणि ‘राइस’ जोडून केलेल्या किंवा नुसत्या आडनावाच्या डोमेनवर हे सिद्ध करणे फार अवघड. नोंदणीकृत व्यापारचिन्ह असेल तर जरूर लढा. नसेल तर तो पैसा नव्या नावाच्या प्रसिद्धीवर घाला आणि जुन्या पत्त्याशी जोडलेली खाती रातोरात सोडवा.

मेलखेरीज आणखी एक गोष्ट नावावर टांगलेली असते, ती म्हणजे इतरांनी दिलेले दुवे. मराठी वाचकाने हे २०२० साली सोसले आहे. गुगल २०१२ पासून भारतातल्या वाचकांना ब्लॉगस्पॉट डॉट इनकडे वळवत असे. त्या काळात मराठी ब्लॉग भरात होते आणि वाचकांनी, संपादकांनी, विकिपीडियावर लिहिणाऱ्यांनी दुवे उतरवून घेतले ते डॉट इनचेच. २०२०च्या मध्यावर गुगलच्या हातून त्या नावाची मुदत गेली, दुसऱ्या कोणी ते नोंदवले आणि विक्रीला काढले. लेख जागेवर होते, डॉट इनच्या जागी डॉट कॉम लिहिले की उघडत होते. पण हे वाचकाला कोण सांगणार? त्याच्या लेखी ते ब्लॉग संपले. ज्या संस्थेची जुनी स्मरणिका, वंशावळी, सभासदांचे लेख तिच्या साइटवर आहेत आणि बाहेरून कोणी त्यांचा हवाला देते, तिने आठ हजारांकडे पाहून मागे हटू नये. असे दुवे किती आहेत ते सर्च कन्सोलमध्ये पाच मिनिटांत दिसते. तो आकडा कार्यकारिणीपुढे ठेवा, मग ठराव होतो.

आता येऊ घातलेली लाट. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत डॉट बँक डॉट इन या नावांवर जायचे होते. ती नोंदणी फक्त हैदराबादच्या आयडीआरबीटीकडे होते. उद्देश चांगला आहे, खातेदाराला खरी बँक ओळखता यावी. पण प्रत्येक बँकेच्या मागे एक जुने नाव उरले आहे, पासबुकांवर, कॅलेंडरांवर, गल्लीतल्या पाट्यांवर छापलेले. नागरी सहकारी बँकांची कामे आपल्यापैकी अनेक जण करतात. दोन-तीन वर्षांनी लेखापरीक्षणात कोणीतरी विचारेल, वापरात नसलेल्या नावाचे पैसे का भरता? त्या वेळी उत्तर द्यायला आपण तिथे असायला हवे. बँकेचे जुने नाव सोडायचेच नसते. त्याच्या वर्षाच्या हजार-बाराशे रुपयांच्या बदल्यात बँकेच्या नावाने उघडणारे एक खोटे दार कायमचे बंद राहते. जमेल तिथे दहा वर्षांची मुदत एकदम भरून टाका.

हे सगळे मुदत संपल्यानंतरचे. मुदत संपतेच का, याचे उत्तर पुष्कळदा आपल्याच पॅनेलमध्ये असते. एका रीसेलर खात्यात साठ ग्राहकांची नावे, सगळ्यांना मालक म्हणून आपले नाव, आपला मेल, आपला मोबाइल. आपण आजारी पडलो, नंबर बदलला, ग्राहकाशी बिलावरून वाद झाला, की त्याच्या हाती मालकीचा एकही पुरावा नसतो. नोंदीतले तपशील आता बहुधा झाकलेले असतात, त्यामुळे बाहेरून कोणाला खातरजमाही करता येत नाही. नोंदणी ग्राहकाच्या नावाने आणि त्याच्या मोबाइलवर व्हायला हवी, आपण तांत्रिक संपर्क म्हणून राहावे. पावती त्याच्या फायलीत हवी. हा अडवून ठेवण्याचा प्रकार धंद्यातून गेलाच पाहिजे, आणि तो आपणच घालवायचा आहे.

याच महिन्यात पॅनेलमधली नावे काढून बसा आणि प्रत्येकापुढे स्मरणपत्रे कोणत्या पत्त्यावर जातात ते पाहा. बऱ्याच ठिकाणी तो पत्ता त्याच डोमेनवरचा निघेल. मुदतीआधीची दोन पत्रे तिथे येतात आणि न वाचलेल्या ढिगात जातात. मुदतीनंतरचे तिसरे, जे खरे कामाचे, ते तोवर बंद पडलेल्या डब्याकडे निघते. तिथे दुसऱ्या सेवेवरचा एक मेल घाला, शिवाय ग्राहकाच्या हिशेबनिसाचा मोबाइल. ऑटो-रिन्यूला जोडलेले कार्ड अजून चालते का तेही बघा. आवर्ती पैसे कापण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले, तेव्हापासून परदेशी रजिस्ट्रारकडची बरीच ऑटो-रिन्यू गुपचूप फसतात आणि पॅनेलमध्ये मात्र ‘सुरू’ असेच दिसत राहते.