यादीत पहिले नाव कोणाचे?

संगणक प्रणाली लिहिणारा अभियंता दिवसभरात जे लिहितो, त्यातील बराचसा भाग तो वस्तुत: निवडतो. दोन-तीन अक्षरे टंकित होताच कोड एडिटर संभाव्य नावांची यादी पुढे करतो आणि अभियंता, बहुधा यादी पुरती न वाचताच, एन्टर दाबून मोकळा होतो. मायक्रोसॉफ्टने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंटेलिसेन्स’ या नावाने ही सोय रुळवली, तेव्हा अडचण होती ती नाव आठवण्याची. आता वाद आहे तो यादीच्या क्रमाचा.

वर्णानुक्रम हे त्यावरचे जुने उत्तर. ते नि:पक्षपाती खरे. पण जावा भाषेत ‘लिस्ट’ नावाचे दोन प्रकार नांदतात. एक रोजच्या वापरातला ‘जावा.युटिल’मधला, दुसरा खिडक्या-बटणांसाठीचा, आज क्वचितच लागणारा ‘जावा.एडब्ल्यूटी’मधला. वर्णानुक्रमात मान मिळतो तो दुसऱ्याला! घाईत पहिला पर्याय उचलणाऱ्याचा वेळ मग चूक शोधण्यात जातो.

म्हणून लोकप्रियतेचा निकष आला. २०१८ साली मायक्रोसॉफ्टने ‘इंटेलिकोड’ जाहीर केले. गिटहबवरील दोन हजारांहून अधिक मुक्त प्रकल्पांतील कोड अभ्यासून ते संभाव्य पर्याय वर आणी आणि त्यांच्यापुढे तारा दाखवी. मात्र बहुसंख्य जे करतात ते योग्यच असते, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. कॉर्नेल टेकमधील संशोधकांचा सहभाग असलेल्या २०२१च्या एका अभ्यासाने हेच दाखवले. प्रशिक्षणाच्या कोडमध्ये हेतुत: भेसळ केली, तर एईएस कूटलेखनासाठी ‘ईसीबी’ ही कमकुवत पद्धत एडिटरकडूनच अग्रक्रमाने सुचवून घेता येते. ज्याला या पद्धतींतला फरक ठाऊक नाही, तो नवखा अभियंता पहिल्या ओळीलाच जाणकाराचा सल्ला समजणार.

तेव्हा अर्थाला पहिले स्थान मिळायला हवे. त्या जागी संख्या अपेक्षित असेल, तर संख्या देणारीच नावे वर हवीत. त्यानंतर जवळीक, म्हणजे चार ओळींपूर्वी घोषित केलेले चल दूरच्या ग्रंथालयातील नावाआधी यावे. कालबाह्य ठरवलेली आणि असुरक्षित नावे तळाशी जावीत. लोकप्रियतेचा कौल घ्यायचा तो याउपर, बरोबरी झाल्यास.

आणखी एका गुणाकडे दुर्लक्ष होते. तो म्हणजे स्थैर्य. बोटांना सवय असते. काल दुसरे असलेले नाव आज चौथे झाले, किंवा एन्टर दाबता दाबता यादी हलली, तर हुशार क्रमवारीही तापदायक ठरते. २०१६च्या ‘लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल’ने तर जबाबदारीच विभागली. भाषेचा सर्व्हर क्रम सुचवतो, एडिटर स्वत:च्या हिशेबाने तो पुन्हा लावतो, आणि चुकीच्या क्रमाबद्दल दोघेही एकमेकांकडे बोट दाखवू शकतात.

दरम्यान, २०२१ मध्ये पूर्वचाचणीसाठी आलेल्या ‘गिटहब कोपायलट’ने प्रश्नाचे स्वरूपच बदलले. तेथे सहसा यादी दिसत नाही. करड्या अक्षरांत एकच उत्तर उमटते आणि टॅब दाबला की ते कोडचा भाग होते. क्रम तेथेही लागलेला असतोच. मागे पडलेले पर्याय पाहायचे, तर ते अभियंत्याला मुद्दाम मागून घ्यावे लागतात.