गच्चीवरून तेजोमेघ टिपता येतो. दिव्यांनी आड येऊ नये

तेजोमेघाचा फोटो म्हटलं की आपल्याला 'नासा'च आठवते. पण सिडको किंवा गारखेड्यातल्या गच्चीवरूनही मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे 'एम ४२', टिपता येतो. डीएसएलआर, ट्रायपॉड आणि थोडी चिकाटी एवढं पुरतं.

कुठे शोधायचा?

जानेवारी-फेब्रुवारीत रात्री आठ-नऊला मृग चांगला वर आलेला असतो. एका ओळीतले तीन तारे, म्हणजे व्याधाचा बाण, लगेच ओळखू येतात. त्यांच्या दक्षिणेला अंधूक ताऱ्यांची छोटी ओळ आहे. तिच्यात मधोमध जो धूसर ठिपका दिसतो, तो हा तेजोमेघ. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. आज तुमच्या कॅमेऱ्यात शिरणारा प्रकाश तिथून निघाला, तेव्हा वेरूळचं कैलास लेणं कोरायला सुरुवातही झाली नव्हती.

फोटो कसा तयार होतो?

पृथ्वी फिरत असल्याने शटर जास्त वेळ उघडं ठेवलं, की तारे रेघांसारखे उमटतात. साध्या डीएसएलआरवर ५० मिमी लेन्स असेल तर जेमतेम पाच-सहा सेकंद मिळतात. म्हणून एकच मोठा फोटो न घेता शंभर-दोनशे छोटे फोटो घ्यायचे आणि 'डीपस्कायस्टॅकर'सारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचे. शंभर फोटोंच्या सरासरीत नॉइज साधारण दहापट कमी होतो आणि तेजोमेघाचे रंग वर येतात. त्यातला लाल रंग हायड्रोजनचा.

मग अडचण काय?

अडचण दिव्यांची. जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा प्रकाश मोजक्या तरंगलांबींत असायचा, तो फिल्टरने बराचसा अडवता यायचा. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरतो. खास फिल्टर मिळतात, पण ते महाग आणि विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेरचे.

रस्त्यावर अंधार करा, असं कुणीच म्हणणार नाही. रात्री कामावरून परतणाऱ्या बाईला उजेड हवाच. पण तो रस्त्यावर हवा, ढगांवर नको. दिव्याला वरून झाकण, उबदार रंगाचा एलईडी आणि मध्यरात्रीनंतर जाहिरात फलक बंद, एवढ्याने फरक पडतो. शिवाय आकाशात जाणाऱ्या उजेडाचं वीजबिल आपणच भरतो.

जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातला पहिला डार्क स्काय पार्क ठरला. म्हणजे महाराष्ट्रात हे होऊ शकतं. आपल्याकडे म्हैसमाळ आहे, वेरूळचा डोंगर आहे. तिथे नवी हॉटेलं, नवे रस्ते होताना दिव्यांचे नियम आधीच ठरवायला हवेत. एकदा खांब उभे राहिले, की ते बदलायला पुन्हा निविदा आणि पुन्हा खर्च.

तोवर येत्या हिवाळ्यात अमावास्येच्या आसपासची एक रात्र राखून ठेवा. गच्चीवरचा दिवा बंद करा आणि मुलांना तो ठिपका दाखवा.