पाऊस दारात, खुर्च्या रिकाम्या

महाराष्ट्रातील पुष्कळ सरकारी नोकरांचा जन्म १ जूनला झालेला आहे. निदान सरकारी दप्तर तरी तसे सांगते. पोराला शाळेत घालायला आलेल्या बापाला जन्मतारीख ठाऊक नसे, आणि मास्तर १ जून लिहून मोकळे होत. आम्हीही काही वर्षे खडू हाती धरला आहे. असे दाखले आमच्या नजरेखालून पुष्कळ गेले आहेत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, हा नियम. त्यामुळे दरवर्षी ३१ मेच्या सायंकाळी कचेऱ्या, शाळा आणि दवाखाने यांतून माणसे घाऊक बाहेर पडतात. हार घातले जातात, शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी असते. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने बदल्यांचा हंगामही एप्रिल-मे हाच ठरविलेला आहे. म्हणजे जायचे ते आणि हलायचे ते, दोघेही एकदमच उठतात; आणि मागोमाग पाऊस येतो.

ह्याची झळ मंत्रालयाला लागत नाही, ती सोयगावला लागते. अजिंठ्याच्या डोंगराखाली, जळगाव जिल्ह्याच्या हद्दीला टेकलेला हा तालुका. आमच्या शहरातून तेथे जायचे तर सिल्लोड, अजिंठा, फर्दापूर असा शंभर किलोमीटरच्या आसपासचा पल्ला पडतो. अशा आडवळणाच्या जागी बदली मागून घेणारे थोडे आणि तेथून सुटका मागणारे फार, हे कोणत्याही आस्थापना-लिपिकास विचारावे. आणि जून महिन्यात तेथील माणसाला सरकारची गरज सर्वांत अधिक असते. कपाशी-मक्याची पेरणी तोंडावर असते, पीककर्जासाठी फेरफार नोंद अडलेली असते, बियाण्यांसाठी कृषी सहाय्यकाचा सल्ला हवा असतो, साप निघू लागतात, शाळा उघडायच्या असतात. बाळंतीण तर कोणत्याच महिन्याची वाट पाहत नाही.

ह्या सर्वांवर सरकारदरबारी एकच औषध आहे, आणि त्याचे नाव ‘अतिरिक्त कार्यभार’. एका सज्जाचा तलाठी दुसऱ्या सज्जाचे दप्तर काखोटीला मारतो. एका उपकेंद्राची परिचारिका शेजारच्या उपकेंद्राची किल्ली सांभाळते. कागदावर पद रिक्त दिसत नाही, म्हणून वरचा अधिकारी निश्चिंत असतो. तलाठ्याचा आज ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाला आहे आणि ग्रामसेवकाचा ‘ग्रामपंचायत अधिकारी’. दोन्ही नावे २०२४ साली बदलली. नावे भारदस्त झाली त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण सोमवारी ह्या गावी आणि गुरुवारी त्या गावी बसणारा अधिकारी मंगळवारी कामासाठी आलेल्या शेतकऱ्याला बंद दारच दाखवितो. सेवा ठरल्या मुदतीत मिळण्याचा हक्क २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकास दिला आहे. तो मागायचा कोणाकडे?

अशी माणसे नसली म्हणजे काय होते, ह्याची प्रचीती मार्च २०२३ मध्ये आली. जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील सरकारी कर्मचारी १४ ते २० मार्च संपावर होते आणि नेमकी त्याच दिवसांत अवकाळी पावसाने व गारपिटीने उभी पिके आडवी केली. पंचनामे खोळंबले, त्याची ओरड विधिमंडळात झाली. संपाच्या मागणीचा वाद आम्ही येथे काढीत नाही. तो संप सात दिवसांत मिटला. निवृत्तीने रिकामे झालेले पद मात्र वर्षानुवर्षे संपावर असते, आणि त्याची ओरड कोठेही होत नाही.

तिजोरीवर भार आहे, हे आम्हांस मान्य आहे. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज ह्यांतच राज्याच्या महसुलाचा निम्म्याहून अधिक भाग जातो. सात-बारा संगणकावर मिळू लागला, शेतकरी २०२१ पासून ई-पीक पाहणी स्वतः करू लागला, हेही खरेच. तेवढी माणसे कमी लागत असतील तर कमी करावीत. परंतु यंत्र नाडी पाहत नाही आणि वाहून गेलेल्या बांधावर पंचांच्या सह्या घेत नाही. कोठे काटकसर करावी आणि कोठे करू नये, हे सरकारला कळत नाही असेही नाही. ४ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या ऐन संकटात, नव्या भरतीवर बंदी घालताना सरकारने आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे विभाग वगळले होते. तत्त्व त्याच दिवशी मान्य झाले. पुढे ते इतर सेवांना का लागू झाले नाही?

२०२२ साली ७५ हजार पदे भरण्याची घोषणा झाली. त्यानंतर तलाठ्यांच्या चार हजारांवर पदांची जाहिरात जून २०२३ मध्ये निघाली. दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरात झाली आणि निवडयाद्यांसाठी २०२४ उजाडले. भरती झाली ह्याचा आनंद आहे. पण नोकराच्या निवृत्तीची तारीख तो रुजू होतो त्याच दिवशी सेवापुस्तकात लिहिलेली असते. अठ्ठावन्न वर्षांची बेरीज कोणासही येते. मग जाहिरात खुर्ची रिकामी झाल्यावर का निघते?

अमेरिकेतही जानेवारी २०२५ च्या अखेरीस संघ सरकारने राजीनामे मागितले, तेव्हा पहिल्याच हाकेला सुमारे ७५ हजार नोकरांनी होकार दिला. फेब्रुवारीच्या अखेरीस अलास्कातील कोट्झेब्यू येथे मनुष्यबळाअभावी हवामानाचे फुगे सोडणे थांबवावे लागले. कोणी जावे हे तेथे जाणाऱ्यांनी ठरविले. आपल्याकडे शाळेचा दाखला ठरवितो. गरजेला दोन्हीकडे कोणी विचारीत नाही. मराठवाड्याने याहून मोठी उलथापालथ पाहिली आहे. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निजामी राज्यातील कितीतरी अधिकारी गेले, तेव्हा शेजारच्या प्रांतांतून माणसे उसनी आणून कारभार उभा करण्यात आला. त्यावर टीकाही झाली, पण जागा भरायच्या हे ठरलेले होते.

आज तेवढेही उसने आणावे लागत नाही. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी ह्यांनी येत्या ३१ मेला कोण कोण निवृत्त होणार ह्याची तालुकावार यादी आताच तयार करून प्रसिद्ध करावी. परिचारिका, तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक आणि शिक्षक ह्यांच्या जागी येणारा मनुष्य रुजू झाल्याखेरीज बदली झालेल्यास कार्यमुक्त करू नये. निवृत्त होणाऱ्यास थांबविता येत नाही. त्याच्या जागी जिल्ह्याच्या मुख्यालयातून माणूस उचलून पाठवावा आणि टंचाई सोसायचीच असेल तर ती प्रथम मुख्यालयाने सोसावी. आमच्या शहरातील कचेरीत एक लिपिक कमी पडला तर टपाल दोन दिवस उशिरा जाईल. सोयगावच्या उपकेंद्रात परिचारिका नसली, तर रात्री बाळंतिणीला घेऊन निघालेल्या जीपला पुढचे गाव गाठावे लागते.