दुखत नाही, म्हणून?

चाळिशी-पन्नाशीतला घरातील कर्ता माणूस सकाळी कामावर जातो आणि दुपारी तो अतिदक्षता विभागात असल्याचा निरोप घरी येतो, ही गोष्ट आता शहरांतच काय, तालुक्याच्या गावीही कोणाला नवलाची वाटत नाही. भेटीस येणारे आप्तेष्ट बहुधा एकच वाक्य उच्चारतात : 'कालपर्यंत अगदी ठणठणीत होता हो!' हे वाक्य प्रामाणिक असते. पण खरे नसते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतींत मेदाचे थर साचण्याची क्रिया काल-परवा सुरू झालेली नसते. ती वर्षानुवर्षे चाललेली असते आणि त्या साऱ्या काळात माणसाला काहीही दुखत नाही. दुखत नाही म्हणून आजार नाही, हा आपला जुना समज येथे प्राणघातक ठरतो.

कोलेस्टेरॉल हे मुळात विष नव्हे. पेशींचे आवरण, कित्येक संप्रेरके आणि पित्तरस यांच्या घडणीसाठी ते आवश्यकच असते आणि त्याचा मोठा भाग आपले यकृतच तयार करते. प्रश्न येतो तो एलडीएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कणांमधून वाहणाऱ्या कोलेस्टेरॉलचे रक्तातील प्रमाण वाढले म्हणजे. रक्तातील हे कण यकृत कसे उचलून घेते, याचा उलगडा मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी केला व त्यासाठी त्यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तत्पूर्वी १९७३ साली जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशींची छाननी करून कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य शोधून काढले होते. त्यातूनच पुढे 'स्टॅटिन' वर्गातील औषधे आली. १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. हे औषध घेणाऱ्यांतील मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. म्हणजे शत्रू कोण, तो कोठे दडतो आणि त्याला आवरावे कसे, हे तिन्ही प्रश्न विज्ञानाने कधीच सोडवले आहेत. न सुटलेला प्रश्न आपल्या अनास्थेचा आहे.

ही अनास्था आपल्याला इतरांपेक्षा अधिक महाग पडते. ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' पाहणीत दक्षिण आशियातील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षाच्या आसपास येतो असे आढळले. अन्यत्र हे वय ५९ च्या घरात होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दर शंभर प्रौढांपैकी सुमारे २४ जणांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आढळले. त्यांपैकी कितीजणांना याची कल्पना असेल? रक्तदाब मोजून घेण्याची सवय आता समाजात रुजू लागली आहे, मधुमेहाची धास्तीही पुष्कळांना आहे. मात्र रक्तातील मेदाची तपासणी ही अजून सुखवस्तूंच्या वार्षिक 'चेकअप'पुरतीच उरली आहे.

त्याबरोबर गैरसमजांचे पीकही उदंड आहे. कृश माणसाला कोलेस्टेरॉलची भीती नाही, हा त्यांतला एक. वस्तुतः दर अडीचशे माणसांमागे सुमारे एकाला हा दोष आनुवंशिकतेने मिळतो आणि त्याचा देहयष्टीशी संबंध नसतो. हा पुरुषांचा आजार आहे, हा दुसरा. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा धोका झपाट्याने वाढतो, पण घरातील सर्वांची औषधे वेळेवर देणाऱ्या गृहिणीची तपासणी करण्याचे कोणाला सुचत नाही. तिसरा गैरसमज तेलाच्या डब्यावरच छापलेला असतो. 'कोलेस्टेरॉलमुक्त' ही वनस्पतिजन्य तेलाची थोरवी नव्हे. कोणत्याच वनस्पतिजन्य तेलात ते नाममात्रही नसते म्हटले तरी चालेल. पाहायचे ते संपृक्त मेद आणि ट्रान्स मेद किती आहेत हे. ट्रान्स मेदांवर २०२२ च्या जानेवारीपासून २ टक्क्यांची मर्यादा आली, हे योग्यच झाले. पण त्याच त्या तेलात दिवसभर वडे-भजी तळणाऱ्या कढईपर्यंत कायद्याचा हात किती पोचतो, हे कोणत्याही नाक्यावर उभे राहून पाहावे.

आहार, चालणे-फिरणे आणि तंबाखूचा त्याग यांचे महत्त्व निर्विवाद आहे. तूप, लोणी, वनस्पती तूप, मटण यांना आवर घालावा. डाळी, उसळी, भाजीपाला, ज्वारी-नाचणी यांना ताटात मान द्यावा. आपल्या आजीच्या स्वयंपाकघराला हे काही नवे नाही. परंतु ज्यांचा धोका मोठा आहे, त्यांचे केवळ पथ्याने भागत नाही. येथेच दुसरी चूक घडते. औषधाने आकडा खाली आला की रुग्ण 'आता बरा झालो' असे समजून ते परस्पर बंद करतो आणि आकडा पुन्हा चढतो. दुष्परिणामांच्या कंड्यांनीही अनेकजण बिचकतात. स्नायुदुखी काहींना होते, मधुमेहाचा धोका किंचित वाढतो, हे खरे. पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणात स्नायुदुखीच्या दहांपैकी नऊहून अधिक तक्रारींचे कारण औषध नव्हते, असे दिसून आले. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. शेजाऱ्याच्या अनुभवावर औषध सोडू नये.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ साली या विषयावर आपली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पहिली तपासणी अठराव्या वर्षीच व्हावी आणि ती उपाशीपोटीच झाली पाहिजे असे नाही, असे ती सांगतात. सर्वसामान्यांचे एलडीएल दर डेसिलिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या आत, अधिक धोका असलेल्यांचे ७० च्या आत आणि हृदयविकार झालेल्यांसारख्या अतिधोक्याच्या रुग्णांचे ५५ च्या आत असावे, असा त्यांचा दंडक आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेला 'सामान्य' आकडा सर्वांना सारखाच लागू नसतो, हे यावरून ध्यानात यावे.

हे सारे व्यक्तीच्या शहाणपणावर सोपवून शासनाला मोकळे होता येणार नाही. तिशी ओलांडलेल्यांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांतून जी मोहीम चालते, तिचा भर रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोग यांवर आहे. याच मोहिमेत, निदान मधुमेही, उच्च रक्तदाबाचे रुग्ण आणि ज्यांच्या घरात अकाली हृदयविकार झाला आहे अशांची कोलेस्टेरॉल तपासणी जोडण्यास कोणती अडचण आहे? स्टॅटिन वर्गातील ॲटोर्व्हास्टॅटिन हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात खंड न पडता मिळाले पाहिजे. हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी शासकीय योजनांतून खर्च होतो तो व्हावाच. पण घर पेटल्यावर पाण्याचे बंब धाडणारे शासन चुलीतील ठिणगीकडेही पाहील तर त्यात जनतेचे आणि तिजोरीचेही हित आहे.

तोवर वाचकांनी एवढे तरी करावे. पुढच्या वेळी रक्त तपासाल तेव्हा त्यात ही एक तपासणी जोडा आणि आपल्याबरोबर घरातल्या स्त्रीचीही करा. 'कालपर्यंत ठणठणीत होता' हे वाक्य कोणाच्याही दारी ऐकू येण्यापूर्वी काल नेमके काय चालले होते, हे मोजण्याची सोय आज आपल्या हाती आहे.